बाभळीचा उंट

नगरला पाहुणा आला म्हणजे त्याला काय दाखवावे, हा प्रश्न आम्हां नगरकरांना फारसा पडत नाही. भुईकोट किल्ला दाखवायचा आणि १९४२ ते १९४५ या काळात नेहरू इथे बंदिवासात होते, ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी इथेच लिहिले, हे जणू आपण शेजारच्या कोठडीत होतो अशा थाटात सांगायचे. मग शहा डोंगरावरचा तीन मजली चांदबीबीचा महाल दाखवायचा आणि तो चांदबीबीचा नसून सलाबतखानाची कबर आहे असे सांगून पाहुण्याचा हिरमोड करायचा. वेळ उरलाच तर रणगाड्यांचे संग्रहालय, नि मग एस.टी. स्टँड! २०२४ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण पाहुण्यांचा हा कार्यक्रम काही बदललेला नाही. त्यात फराहबाग मात्र हटकून राहून जाते.

त्यामुळे गेल्या हिवाळ्यात पुण्याहून आलेले माझे एक स्नेही सकाळचा चहा घेता घेता, ‘मला बाकी काही नको, फक्त फराहबाग दाखवा,’ असे म्हणाले तेव्हा मी चकितच झालो. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. पेन्शन घेऊन नातवंडे खेळवावीत, तर यांना छंद जडलेला जुने लाकडी बुद्धिबळाचे डाव जमवण्याचा. त्यांच्या घरी बसायला खुर्ची सापडत नाही, पण राजे चाळीस-पन्नास सापडतात.

‘प्राध्यापक,’ ते म्हणाले, ‘बुद्धिबळासाठी लाकडाचा महाल बांधणारा राजा तुमच्या गावात होऊन गेला, आणि तुम्ही लोक रणगाडे दाखवता!’

गेलो. सोलापूर रस्त्याच्या बाजूला, लष्कराच्या मुलखात ही इमारत उभी आहे. एका विस्तीर्ण तळ्याच्या मधोमध बांधलेला अष्टकोनी महाल. तळे आता कोरडे; तेव्हा आपण पायांनी चालत जातो तिथून एके काळी पाणी हलत असेल. आत शिरले की मधल्या उंच दालनात आपलाच आवाज आपल्याला परत मिळतो. मूर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, सलाबतखानाच्या देखरेखीखाली, १५८३ साली हे काम पुरे झाले. हा मूर्तझा मोठा विलक्षण पुरुष. राज्य दिवाणाच्या हाती सोपवून तो वर्षानुवर्षे एकांतात राहिला. लोकांनी त्याचे नाव ‘दिवाणा’, म्हणजे वेडा, असे पाडले. या बागेत तो बुद्धिबळ खेळत बसे. खेळगडी कोण, तर दिल्लीहून आलेला एक गवई. त्याला राजाने फतेहशहा असे नाव दिले आणि त्याच्यासाठी बागेत वेगळा लकड महाल, म्हणजे लाकडी महाल, बांधला, असे सांगतात. पुढे १५८८ साली या राजाला त्याच्या पोटच्या मुलानेच ठार केले. पटावर राजा कधी मारला जात नाही. त्याला फक्त मात होते. पटाबाहेर तो नियम नाही.

लकड महालाची आज तिथे एक ढलपीही दिसत नाही. आम्ही दोघे कोरड्या तळ्याच्या काठावर बराच वेळ बसलो. ‘दगड राहतो, लाकूड जाते,’ मी काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो.

‘लाकूडही राहते,’ ते म्हणाले, ‘कुणी सांभाळले तर.’

त्या वाक्यानेच मला माळ्यावरच्या पेटीची आठवण झाली.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या सामानात सरकत्या झाकणाची एक लाकडी पेटी होती आणि तीत बुद्धिबळाची मोहरी. लहानपणी त्याच मोहऱ्यांनी त्यांनी मला खेळ शिकवला. पण खेळ संपला की ते पेटी स्वतः उचलून ठेवीत. दुसऱ्या कुणी तिला हात लावलेला त्यांना खपत नसे. ती आली कुठून, असे विचारले तर ‘पारनेरकडे नोकरीला होतो तेव्हाची’ एवढेच उत्तर मिळे.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी पेटी खाली काढली. स्नेह्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरले, चष्मा बदलला आणि एकेक मोहरे हाती घेऊन वैद्य नाडी पाहतो तसे ते पाहू लागले. पहिली पाच मिनिटे ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘प्राध्यापक, हा डाव फ्रान्समधला आहे!’

सौभाग्यवती भांडी आवरायचे सोडून बाहेर आल्या.

आता हे त्यांनी कशावरून ओळखले, ते सांगण्याजोगे आहे. कारण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी, वाड्याच्या माळ्यावर, एखादी अशी पेटी असू शकेल. आज स्पर्धांतून जी मोहरी दिसतात ती ‘स्टाँटन’ घडणीची. १८४९ साली लंडनच्या जॅक्स यांनी ती बाजारात आणली आणि पाहता पाहता ती सगळ्या जगाची झाली. ती बुटकी, बैठकीला भरभक्कम; त्यांचा उंट कापलेल्या टोपीचा आणि राजाच्या माथ्यावर क्रूस. आमच्या पेटीतली मोहरी तशी नव्हती. बैठक रुंद, तिच्यावर सडपातळ उंच कंबर आणि वर एकावर एक चढवलेली कडी, जणू समईच. राजाला क्रूस नाही, वजिराच्या डोक्यावर गोल मणी, हत्तीच्या जागी छोटा बुरूज. सगळी कातारीवर, म्हणजे आपल्या सुतारांच्या चरकावर, कातलेली. हाताने कोरलेला एकटा घोडा. म्हणून चारही घोडे बारकाईने पाहावेत. हाताचे काम असेल तर एकाची आयाळ दुसऱ्यासारखी नसते. चारही हुबेहूब एकसारखे निघाले तर शंका घ्यावी.

पांढरी मोहरी बॉक्सवुडची. हे झुडूप अतिशय सावकाश वाढते. त्यामुळे त्याचे लाकूड जड, पिवळसर आणि रेषा दिसू नयेत इतके दाट असते. पूर्व फ्रान्समधल्या जुरा डोंगरांच्या मुलखात या लाकडावरचे कातकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. काळी मोहरी कधी शिसवासारख्या गडद लाकडाची, तर कधी तेच बॉक्सवुड काळे रंगवलेले. आमची रंगवलेली होती, कारण बोटांची चिमूट जिथे बसते तिथे, कंबरेपाशी, रंग जाऊन आतला पिवळेपणा डोकावत होता. ‘ही झीज महत्त्वाची,’ स्नेही म्हणाले. ‘जुनेपणा नकली असला की झीज सगळीकडे सारखी असते. माणूस मोहऱ्याला सगळीकडे हात लावत नाही.’ मग त्यांनी खिशातून एक लहानसे मोजमापाचे कॅलिपर काढले (हा मनुष्य ते खिशात घेऊन हिंडतो!) आणि राजाची बैठक आडवी-उभी मोजली. दोन मापांत केसभर फरक निघाला. लाकूड वाळताना सगळ्या दिशांना सारखे आकसत नाही. कातारीवरून अगदी गोल उतरलेली चकती कित्येक वर्षांनी किंचित लांबट होते. नव्याला हे सोंग आणता येत नाही. आणि नवे पुष्कळ आहे. आपल्या अमृतसरलाच जुन्या घडणींच्या सुरेख नकला तयार होतात आणि जगभर जातात. नक्कल म्हणून घेतली तर तीही चांगलीच. जुनी म्हणून घेतली तर मात्र पैसे गेले.

या घडणीला संग्राहक ‘रेजांस’ म्हणतात. पॅरिसला पॅले रॉयालजवळ ‘काफे द ला रेजांस’ नावाचे उपाहारगृह होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ते बुद्धिबळाचे आखाडेच झाले होते. कार्ल मार्क्स आणि एंगल्स यांची गाठ १८४४ साली याच काफेत पडली आणि तीतून त्यांची जन्माची मैत्री जुळली. इथला सर्वांत मोठा मल्ल फिलिदोर. बुद्धिबळावरचा त्याचा ग्रंथ १७४९ साली निघाला, आणि १७८३ साली त्याने लंडनला पटाकडे न पाहता एकाच वेळी तीन डाव खेळून दाखवले. आमची फराहबाग पुरी होऊन तेव्हा बरोबर २०० वर्षे झाली होती. आणि गंमत अशी की हा फिलिदोर पेशाने संगीतकार, ऑपेरा रचणारा! नगरच्या राजाचा खेळगडी गवई, पॅरिसच्या खेळाचा राजाही गवईच.

‘पण एक खोट आहे,’ स्नेही म्हणाले आणि त्यांनी पांढऱ्यातला एक उंट बाजूला ठेवला.

तो माझ्या ओळखीचा होता. लहानपणी माझा सगळ्यांत आवडता. इतर तीन उंट म्हणजे प्याद्याचे थोरले भाऊ. गुळगुळीत डोके, बाकी काही नाही. हा मात्र तांबूस, जड लाकडाचा, चाकूने कोरलेला. त्याला मान होती, तोंड होते आणि पाठीवर चक्क मदार होती.

‘ही बाभूळ आहे,’ ते म्हणाले. ‘मूळ उंट हरवला, म्हणून कुणा गावठी सुताराने बसवलेला. तो नसता तर या डावाचे मोल दुप्पट झाले असते. असू दे. मी २५ हजार द्यायला तयार आहे. कायदा सांगतो: शंभर वर्षांवरचा झाला की १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने तो देशाबाहेर नेता येत नाही. पण आपल्या आपल्यात काही अडचण नाही. हस्तिदंती असता तर मी हातही लावला नसता. त्याचा व्यापारच बंद आहे.’

उंटाच्या नावाचा किस्साही त्यांनीच सांगितला. अरबीत हत्तीला ‘फील’ म्हणतात. ‘अल्‌-फील’ हे मोहरे युरोपात गेले, पण तिथे हत्ती पाहिला होता कुणी? फ्रेंचांच्या तोंडी त्याचे ‘फू’ झाले. आणि फू म्हणजे वेडा, दरबारातला विदूषक. इंग्रजांनी त्याला बिशप करून धर्मगुरूची टोपी घातली. आपण त्याला उंट म्हणतो. सरळ कुणाच्याच वाटेने न जाणाऱ्या या मोहऱ्याला फ्रेंचांनी दिलेले नाव आमच्या दिवाण्या राजाला शोभून दिसेल, असे मला वाटले.

स्नेही सकाळी गेले. सौभाग्यवतींचे मत पडले की २५ हजार काही वाईट नाहीत. चिरंजीवांना कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाच आहे. मलाही ते पटले. द्यायची तर स्वच्छ करून द्यावी म्हणून मी पेटी पुसायला घेतली. सरकते झाकण पूर्ण बाहेर काढले, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या पुसट रेघोट्या दिसल्या. त्या मी लहानपणीही पाहिल्या होत्या. कुणीतरी पेन्सिलीचे टोक घासले असावे असे वाटे. पण एम.ए. झाल्यावर जुन्या दप्तरांच्या हौसेने मी मोडी शिकलो आहे. खिडकीशी नेऊन झाकण तिरपे धरले आणि माझ्या अंगावर काटा आला. ती मोडी होती. दोनच ओळी:

‘शाळेतल्या पोरांच्या खेळासाठी. घरी नेऊ नये.’

वाचकहो, मास्तरांचा मुलगा म्हणून मी वाढलो. शाळेचा खडू घरी आणला म्हणून वडिलांनी मला परत पाठवले होते, तेही उन्हातून. आणि त्याच वडिलांच्या माळ्यावर ही पेटी पन्नास वर्षे होती! त्या रविवारी मी पेटी घेऊन पारनेरच्या रस्त्याला लागलो.

नगरहून पुणे रस्त्याने निघाले की केडगाव मागे पडते, चास-कामरगावचा घाट लागतो आणि सुप्याला उजवीकडे वळले की पारनेर. मोठा कोरडा, दगडी मुलूख. पाऊस इथे नेमका हात आखडतो. ओढ्याकाठी हिरवे दिसते ते बहुधा बाभळीचेच. पण माणसे लांबवर जाणारी. सेनापती बापट या पारनेरचेच. बाँबची विद्या शिकायला ते थेट पॅरिसला जाऊन आले होते. तेव्हा पारनेर तालुक्यात पॅरिसकडचे लाकूड निघाले, यात नवल ते काय, असे मी मनाशी म्हणत होतो. खरे म्हणजे मी दुसराच विचार टाळत होतो.

वडिलांची पहिली नेमणूक ज्या गावी झाली, ते पारनेरपासून थोडे आत आहे. पारावरच्या माणसांनी मला एका सुताराच्या कामठ्यावर नेऊन सोडले. सत्तरीला आलेला मनुष्य. पेटी पाहताच त्याने हातातला पटाशा खाली ठेवला.

‘गुरुजींचे का तुम्ही?’ त्याने विचारले.

मग त्याने जे सांगितले ते असे. पेटी त्याच्या आजोबांची. ते सुतार म्हणूनच खडकीच्या सॅपर्स पलटणीत भरती झाले आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले. त्या पलटणीच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेलच्या लढाईत पायदळासारख्या लढल्या आणि त्यांची फार हानी झाली, हे इतिहासात नमूद आहे. आजोबा त्यांत होते की कसे, हे नातवाला ठाऊक नाही. त्याला एवढेच माहीत की आजोबांच्या उजव्या हाताची दोन बोटे तिकडे राहिली आणि ते घरी आले. ज्या घरी मुक्काम होता तिथल्या म्हातारीचे मोडके दार त्यांनी दुरुस्त करून दिले होते. तिने मजुरी म्हणून ही पेटी दिली. येताना बोटीवर खेळताना एक मोहरे समुद्रात पडले.

‘मग घरी आल्यावर त्यांनी बाभळीचं केलं,’ तो म्हणाला. ‘चरकावर हात चालंना, बोटं नव्हती. चाकूनं कोरलं. म्हणायचे, त्या लोकांना उंट कसा असतो ठावंच नाही, मी दाखवतो.’

म्हातारपणी हा आजोबा रोज दुपारी शाळेत येऊन बसे आणि वडिलांशी डाव मांडी. मुले भोवती कोंडाळे करून पाहत. त्यांतच हा नातूही होता.

मी झाकण उलटे करून त्या ओळी त्याला वाचून दाखवल्या. तो काही वेळ गप्प राहिला.

‘बहात्तरच्या दुष्काळात शाळेत पोरं राहिलीच नव्हती,’ तो म्हणाला. ‘सगळी आईबापांसंगं खडी फोडायला. आजा आदल्याच साली गेला होता. गुरुजींची बदली झाली तेव्हा पेटी त्यांच्या सायकलला बांधलेली मी बघितली. मला वाटलं, पोरं शाळेत परत आली की आणत्याल.’

‘बाबांना मोडी येत नव्हती,’ मी म्हणालो.

‘आम्हालाबी येत नव्हती,’ तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच मला पुढे काही बोलता येईना. वडिलांनी पेटी ओस शाळेतून वाचवण्यासाठी नेली, की म्हाताऱ्या मित्राची आठवण म्हणून, की नुसता लोभ झाला? पेटीला ते कुणाला हात लावू देत नसत, ते तिच्यावरच्या प्रेमाने, की मनातल्या बोचणीने? उत्तर देणारा आता नाही. जुन्या लाकडाचे वय कॅलिपरने कळते. वडिलांच्या मनातले मोजायला माझ्याजवळ काही नव्हते.

‘पेटी तुमची आहे,’ मी म्हणालो.

‘माझी कशी? लिहिलंय की तिच्यावर.’

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी कॉलेजला रजा टाकली आणि सुताराच्या घरी मुक्काम केला. सकाळी आम्ही दोघे जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. बाईंनी वही काढून रीतसर नोंद केली: बुद्धिबळ संच एक, मोहरी ३२. झाकणाच्या आत, मोडीच्या खाली, मी त्याच दोन ओळी बालबोध लिपीत लिहिल्या. पुन्हा कुणाला न वाचता आल्याची सबब नको.

मग पट मांडला. चौथीतली पंधरा-वीस डोकी त्यावर वाकली. बुरूज पाहून त्यांचे एकमत झाले की हा हत्ती नव्हे, पाण्याची टाकी आहे. वजीर कोणता, राजा कोणता, यावर वाद झाला. उंटाशी आल्यावर एका मुलीने तो बाभळीचा उंट उचलला, फिरवून पाहिला आणि म्हणाली, ‘सर, उंट हा हाये. मग बाकीचे तिघं कोण?’

सुतार माझ्याकडे पाहून हसला. त्याच्या आजोबांनी शंभर वर्षांपूर्वी फ्रेंचांना घातलेला प्रश्न पोरीने पुन्हा घातला होता.

घरी परतल्यावर मी पुण्याला फोन लावून सगळी हकीकत सांगितली. स्नेही बराच वेळ बोलेनात. डाव गेल्याचे त्यांना वाईट वाटले असणार. मलाही वाटते, लॅपटॉपचे हप्ते भरताना विशेष. पोरे मोहरी हरवतील, रंगवतील, एखादे प्यादे चुलीतही जाईल.

शेवटी ते म्हणाले, ‘एक काम करा. पुढच्या वेळी गेलात तर फोटो काढून पाठवा.’

‘राजाचा?’

‘नाही. त्या उंटाचा. आणि त्याला कुणी पॉलिश करू पाहील, तर करू देऊ नका.’

आता नगरला पाहुणा आला की मी त्याला फराहबागेत नेतो. लकड महाल कुठे होता असे त्याने विचारले, तर त्याला कोरड्या तळ्याच्या काठावर बसवतो आणि पारनेरच्या शाळेची गोष्ट सांगतो.